खोली क्रमांक सातची स्पर्शघंटा आपोआप गप्प झाल्याबाबत

दिनांक : १० जुलै २०२५
प्रताप नगर, जयपूर

प्रति,
श्री. रंगनाथ देवस्थळी,
व्यवस्थापकीय विश्वस्त,
सायंतारा मराठी ज्येष्ठ निवास न्यास,
मुख्य कार्यालय, आदर्श नगर, जयपूर.

विषय : परिचारिका श्रीमती लता सुखदेव ढोके यांच्यावरील निष्काळजीपणाचा ठपका रद्द करून तो अर्जदाराच्या नावे नोंदवण्याबाबत.

संदर्भ : १) अर्जदाराचा दि. ३१ मेचा अर्ज. २) कार्यालयाचे दि. ९ जूनचे आभारपत्र. ३) अर्जदाराचा दि. १४ जूनचा अर्ज. ४) कार्यालयाचे दि. २७ जूनचे अभिनंदनपत्र.

सन्माननीय विश्वस्त महोदय,

१. प्रस्तुत अर्जदार पदार्थविज्ञानाची एम. एस्सी. असून महाविद्यालयाच्या इलेक्ट्रॉनिक्स प्रयोगशाळेत अठरा वर्षे निर्देशक होती. सध्या ती प्रताप नगरातील राहत्या घरी शाळकरी मुलांना छोटी विद्युत उपकरणे बांधायला शिकवते. आपल्या निवासाच्या अकरा खोल्यांतील बोलावण्याच्या घंटा तिनेच बदलल्या. संदर्भातील दोन्ही अर्जांत तिने आपली चूक कळवली होती. दोन्ही वेळा तिचे आभार मानण्यात आले. हा तिसरा अर्ज आहे. रविवार दि. १३ रोजी व्यवस्थापन समितीची बैठक असून तीत श्रीमती ढोके यांना कामावरून काढण्याचा निर्णय कायम होणार आहे, म्हणून तो त्याआधी वाचला जावा अशी विनंती आहे.

२. पूर्वी प्रत्येक पलंगाशेजारी दाबायचे बटण होते. आंधी, म्हणजे इथले धुळीचे वादळ, आली की बारीक रेती खिडकीच्या फटीतून आत येई आणि बटणाच्या पोटात जाऊन बसे. आतले पत्रे काळे पडत, स्प्रिंग अडके. खोली अकरामधील श्रीमती मधुमती गोखले यांच्या बोटांना संधिवात आहे. त्यांनी गेल्या दिवाळीत अर्जदाराला बोलावून बटण दाखवले आणि म्हटले, "हे बघ, हे दाबण्याइतका जोर माझ्यात असता तर मी स्वतःच उठून नसते का गेले?" हे बोलणे अर्जदाराच्या मनाला लागले. फेब्रुवारीत तिने सर्व बटणे काढून त्यांच्या जागी टच सेन्सर बसवले. दाबायला काही नाही, झिजायला काही नाही, रेती शिरायला फट नाही. अॅक्रिलिकची एक गुळगुळीत पाटी, तिच्यामागे तांब्याची चकती. नुसता हात टेकला की मोठ्या व्हरांड्यात घंटा वाजते आणि तिथल्या बोर्डावर त्या खोलीचा दिवा लागतो; हात काढला की किंवा बोर्डावरचे 'बंद' दाबले की दोन्ही थांबतात. एक मे रोजी महाराष्ट्र दिनाच्या समारंभात यासाठी अर्जदाराला शाल देण्यात आली. ती तिने घेतली.

३. प्रत्येक पाटीच्या वर अर्जदाराने स्वतःच्या अक्षरात, लांबून वाचता येईल असा एक कागद लावला होता. त्यावर दोनच वाक्ये होती : "दाबू नका. नुसता हात ठेवा." या दोन वाक्यांत पुढचे एक वाक्य कमी आहे. ते कोणते, हे अर्जदाराला दि. ३० मेपर्यंत माहीत नव्हते.

४. दि. २२ मे रोजी दुपारी खोली सातमधील श्री. वसंतराव किरकिरे यांना पक्षाघाताचा झटका आला. त्यांची उजवी बाजू लुळी पडली आणि ते पलंग व भिंत यांच्यामध्ये घसरले. जीभ जड झाली होती आणि कूलर चालू होता, त्यामुळे हाक कोणाला ऐकू गेली नाही. डावा हात मात्र पाटीपर्यंत पोचत होता. तो त्यांनी पाटीवर ठेवला. चार वाजून दहा मिनिटांनी लताताई चहा घेऊन गेल्या तेव्हा ते तसेच पडलेले होते आणि हात पाटीवरच होता. इस्पितळातील डॉक्टरांनी एवढेच सांगितले की तासभर आधी आणले असते तर उजव्या हाताबद्दल काही आशा धरता आली असती.

५. चौकशीत बोर्डाच्या नोंदपेटीतील नोंद पाहण्यात आली. खोली सात : घंटा सुरू २ वाजून ५२ मिनिटे ६ सेकंद, बंद २ वाजून ५२ मिनिटे ५५ सेकंद. म्हणजे घंटा एकोणपन्नास सेकंद वाजली. हात तर पाटीवरच सापडला होता, यावरून निष्कर्ष असा काढण्यात आला की घंटा बोर्डावरील 'बंद'चे बटण दाबून थांबवण्यात आली, आणि बोर्डापाशी त्या वेळी जाणारी व्यक्ती एकच, लता ढोके. घंटा कोणी थांबवली याची नोंद ही पेटी करत नाही. तशी सोय करणे शक्य होते. अर्जदाराला ती सुचली नाही.

६. लताताईंचा जबाब चौकशीच्या कागदांत सारांशरूपाने आहे. त्यांनी अर्जदाराला जे सांगितले ते पुढीलप्रमाणे : "मी अकरामध्ये काकूंची चादर बदलत होती. त्यांना कुशीवर धरून ठेवलं होतं, मध्येच सोडता येते का? घंटा ऐकली, काकूंना नीट टेकवलं, पळतच गेली. बोर्डापाशी पोचली तर दिवा विझलेला. एक, दोन, तीन नंबरच्या दारात जाऊन विचारलं, कोणी बोलावलं का जी? तिघंही नाही म्हणाले. तीन नंबरवाले काका तर म्हणाले, आम्ही कशाला बोलावतो, पण आलीच आहेस तर चहा लवकर आण." त्यानंतर त्या परत अकरामध्ये गेल्या. सातपर्यंत त्या का गेल्या नाहीत, हाच समितीचा प्रश्न होता. त्याचे उत्तर अर्जदाराकडे आहे आणि ते परिच्छेद नऊमध्ये दिले आहे.

७. दि. २९ मे रोजी अर्जदार वसंतरावांना इस्पितळात भेटायला गेली. त्यांच्याबद्दल समितीच्या कागदात "वयोमानामुळे विस्मरण" असा शेरा आहे. ते पस्तीस वर्षे बँकेत शाखा-तपासनीस होते आणि वरून आलेल्या परिपत्रकातील स्वल्पविरामसुद्धा पाळत, असे त्यांची मुलगी सांगते. ते सावकाश पण स्पष्ट बोलले. "मी हात काढला नाही. तुमच्या कागदावर लिहिलं होतं, तस्संच केलं." मग म्हणाले, "घंटा थांबली तेव्हा वाटलं, चला, आलं कुणीतरी." ते एक तास सतरा मिनिटे कोणीतरी येत असल्याच्या समजुतीत होते. म्हणूनच त्यांनी हात उचलून पुन्हा लावला नाही. घंटा थांबली याचा अर्थ आपले बोलावणे ऐकले गेले, असा त्यांनी घेतला. दुसरा अर्थ कोणी काय घेणार?

८. दुसऱ्या दिवशी अर्जदाराने घरी तसलाच सेन्सर बोर्डाला जोडून त्यावर हात ठेवला आणि उचलला नाही. अठ्ठेचाळिसाव्या सेकंदाला घंटा बंद झाली. हात पाटीवरच होता. वीस वेळा मोजले. सर्वांत कमी शेहेचाळीस, सर्वांत जास्त एक्कावन्न सेकंद. कारण शास्त्रीय आहे आणि साध्या शब्दांत सांगता येते. जुन्या बटणात दोन पत्रे एकमेकांना टेकतात, आणि जोवर दाबून धरले आहे तोवर ते टेकलेलेच राहतात. बटणाला विचार नसतो. टच सेन्सरमध्ये एक छोटी चिप असते. ती चकतीवर किती विद्युतभार मावतो हे सारखे मोजते आणि "इथे कोणी नाही" या स्थितीचे माप लक्षात ठेवते. हात जवळ आला की माप वाढते, चिप म्हणते, कोणीतरी आहे. पण हवेतला दमटपणा, धूळ, उष्मा यांनीही माप हळूहळू बदलते. म्हणून चिपला अशी सवय लावलेली असते की वाढलेले माप फार वेळ तसेच राहिले तर तो हात नसून खोलीच बदलली आहे असे समजायचे आणि त्या नव्या मापालाच "कोणी नाही" म्हणायचे. जो माणूस घाबरून हात उचलतच नाही, त्याला ही चिप पाऊण मिनिटानंतर भिंतीचा भाग समजते. ही गोष्ट निर्मात्याच्या माहितीपत्रकात सहाव्या पानावर दिलेली आहे. अर्जदाराने ते पान वाचले होते. बसवताना तिने प्रत्येक पाटी तीस-तीस वेळा टिचकीसारखा हात लावून तपासली. हात ठेवून वाट पाहिली नाही, कारण तिला कधी कोणाची वाट पाहत पलंगामागे पडून राहावे लागले नव्हते.

९. आता लताताई सातपर्यंत का गेल्या नाहीत ते. सेन्सर बसवल्यावर पहिल्या आठवड्यात खोटी बोलावणी फार येत. पाटीला पदर लागे, पुसताना ओले फडके लागे आणि घंटा वाजे. एका दिवशी लताताई चौदा वेळा उगाच धावल्या. त्यांच्या गुडघ्यांची दया येऊन अर्जदाराने त्यांना तोंडी सांगितले, "दिवा आपोआप विझला तर समजा की कोणाचा तरी चुकून हात लागला. प्रत्येक वेळी सगळ्या खोल्या पालथ्या घालू नका." तेव्हा व्हरांड्यात दोघींशिवाय कोणी नव्हते. दि. २२ मे रोजी लताताईंनी या सूचनेपेक्षा जास्त केले, कारण त्यांनी तीन दारांत तरी विचारले. अशी सूचना दिली गेली होती हे सांगणारा साक्षीदार एकच आहे, आणि तो हा अर्ज लिहीत आहे.

१०. वरील बहुतेक मजकूर दि. ३१ मेच्या अर्जात होता. त्यावर आलेल्या आभारपत्रात "आपला विनय स्पृहणीय आहे" असे लिहिले होते. सोबत एका वायरमनचा दाखलाही होता की त्याने अकराही पाट्यांना एकेकदा बोट लावून पाहिले, अकराही वाजल्या, सबब यंत्रणा सुस्थितीत आहे. दि. १४ जूनच्या अर्जासोबत अर्जदाराने वीस मोजण्यांचा आलेख जोडला. त्यावर आलेल्या अभिनंदनपत्रात समितीने ठराव करून कळवले की अशाच स्पर्शघंटा स्नानगृहांत आणि मुख्य फाटकावरही बसवाव्यात, आणि आलेख देखणा असल्याने तो यंदाच्या स्मरणिकेच्या मुखपृष्ठावर घेतला जात आहे. त्या आलेखात एक रेघ अठ्ठेचाळीस सेकंद वर राहते आणि मग सरळ खाली येते. महोदय, ती रेघ म्हणजे वसंतराव आहेत. ती मुखपृष्ठावर छापू नये अशी हात जोडून विनंती आहे.

११. दि. २ जुलै रोजी अर्जदार पाट्या काढून पुन्हा बटणे लावण्यासाठी अवजारे घेऊन निवासात गेली. सन्मानित उपकरणाला लेखी परवानगीशिवाय हात लावता येणार नाही, असे व्यवस्थापकांनी सांगितले. तिने निदान जुन्या कागदाखाली "हात उचला, पुन्हा ठेवा, कोणी येईपर्यंत असेच करा" असे लिहून, रिकामी सात सोडून, उरलेल्या दहा खोल्यांत चिकटवले. स्मरणिकेसाठी फोटो काढायचे असल्याने ते कागद दुसऱ्या दिवशी काढण्यात आले. मग ती एकेका खोलीत जाऊन तोंडी शिकवून आली. मधुमतीबाई हसून म्हणाल्या, "आधी म्हणालीस दाबू नका, मग म्हणालीस ठेवा, आता म्हणतेस टिचक्या मारा. त्यापेक्षा थाळी वाजवते की गं!" खोली पाचमधील आजोबांनी नीट ऐकून घेतले, आणि अर्जदार दारातून वळून पाहते तो त्यांचा हात पाटीवर तसाच ठेवलेला होता. आज, हा अर्ज लिहिताना, त्या दहा खोल्यांत दहा माणसे त्याच पाट्यांच्या भरवशावर झोपलेली आहेत.

१२. सबब अर्जदाराच्या मागण्या अशा. श्रीमती ढोके यांना सन्मानाने कामावर घेऊन त्यांच्या सेवापत्रातील 'निष्काळजी' हा शेरा काढावा, कारण या शेऱ्यासह त्यांना या शहरातील दुसऱ्या कोणत्याही निवासात रुग्णसेवेचे काम मिळणार नाही. श्री. किरकिरे यांच्याबद्दलचा 'विस्मरण' हा शेराही काढावा आणि तसे त्यांना लेखी कळवावे. त्यांना सर्व नीट आठवते. पाट्या उद्याच काढून त्यांच्या जागी तळहाताने दाबता येतील अशी मोठी, रबरी टोपीची बटणे लावण्यास परवानगी द्यावी. त्यांत रेती शिरेल, ती दर पंधरवड्याला अर्जदार स्वतः येऊन साफ करील. खोलीत जाऊन हाताने बंद केल्याशिवाय दिवा विझणार नाही अशी जोडणीही तयार आहे. एक मेची शाल घडी करून सोबत ठेवली आहे, ती परत घ्यावी.

१३. इथपर्यंतचा मजकूर नियमाप्रमाणे आहे. यापुढचा कोणत्या नियमात बसतो हे मला माहीत नाही.

परवा, दि. ८ रोजी, लताताई माझ्या घरी आल्या. कार्यालयातून त्यांना सांगण्यात आले होते की लेखी माफीनामा दिला तर काम परत मिळणार नाही, पण शेरा सौम्य करू. त्यांच्या हातात वहीचा कोरा कागद होता. म्हणाल्या, "ताई, मी मराठी शाळेत नागपूरले सातवीपर्यंतच शिकली. आता लिहाले बसली का हिंदीच येते. तुम्ही चांगल्या मराठीत लिहून द्या. माझ्याकडून चूक झाली, एवढंच पाहिजे. सही मी करतो." मी कागद घेतला. पेन उघडले. तीन ओळी लिहिल्याही. ते अक्षर माझेच आहे, सोबत जोडले आहे, आपण पाहालच. चौथ्या ओळीला हात थांबला आणि मी त्यांना सगळे सांगितले. अठ्ठेचाळीस सेकंद, सहावे पान, सगळे.

त्यांनी विचारले, "केव्हापासून माहीत होतं तुम्हाले?" मी म्हटले, तीस मेपासून. "म्हणजे सव्वा महिना. सव्वा महिन्यापासून मी डोळे मिटले का तो बोर्डच दिसते मले. आधी दिवा विझला का आधी माझाच हात लागला, आता मलेच सांगता येत नाही. मले वाटाले लागलं होतं का मीच बंद केली घंटा." मी सांगितले की मी दोन वेळा अर्ज केले आहेत, योग्य मार्गाने, पोचही घेतली आहे. त्या म्हणाल्या, "तुम्ही ऑफिसले सांगितलं. मले काऊन नाही सांगितलं?"

प्रताप नगरात त्यांचे घर माझ्या घरापासून चालत सहा मिनिटांवर आहे. मी त्या प्रश्नाचे उत्तर शोधले. चौकशी चालू असताना संबंधितांशी बोलू नये, असे काहीतरी मनात होते. ते खरे उत्तर नाही. त्यांच्या तोंडावर सांगणे मला जमले नाही, हे खरे आहे, आणि कागदावर सांगणे सोपे होते. एका माणसाने हात उचलला नाही म्हणून तो एका यंत्राला दिसेनासा झाला. मला तर लताताई दिसायला कोणतीही अडचण नव्हती.

जाताना त्या दारात थांबल्या. माझ्यावर ओरडल्या असत्या तर बरे वाटले असते. त्या एवढेच म्हणाल्या, "सुरू केलं आहे तर पूर्ण लिहा. पण माझ्या नावानं नाही."

१४. तो माफीनामा पूर्ण करून सोबत जोडला आहे. समितीला एक लेखी माफीनामा हवा होता, तो मिळाला आहे, तेव्हा आता दुसऱ्या कोणाकडून मागू नये. रविवारी बैठकीत तो मोठ्याने वाचावा. मी व्हरांड्यात बोर्डापाशी बसून राहीन, बोलावल्यास आत येईन.

उत्तर यावे, या वेळी आभाराशिवाय, एवढीच अपेक्षा ठेवणारी,

(सही)
विभा परीक्षित नेवगी
प्रताप नगर, जयपूर

सोबत :
१) वीस मोजण्यांचा तक्ता. (आलेख जोडलेला नाही.)
२) निर्मात्याच्या माहितीपत्रकाचे सहावे पान, संबंधित ओळ अधोरेखित.
३) मोठ्या बटणाचा एक नमुना, जोडणीच्या आकृतीसह.
४) शाल, एक, न वापरलेली.
५) माफीनामा, हस्तलिखित, एक पान. पहिल्या ओळीत 'मी, लता सुखदेव ढोके' असे होते. ते नाव एका रेघेने खोडून वर माझे लिहिले आहे. खालचे नाव वाचता येते. खाडाखोडीशेजारी माझी आद्याक्षरी सही आहे. बाकी मजकुरात एक शब्दही बदलावा लागला नाही.